नाणं आधी, गोष्ट नंतर

दिवाळी झाली की आठवड्याभरात कुणी ना कुणी माझ्या लॅबच्या दारात येऊन उभं राहतं. हातात रुमालाची पुरचुंडी असते. रक्त द्यायला आलेला माणूस मला जिन्यातच ओळखू येतो, त्याची एक बाही आधीच वर सरकवलेली असते आणि तोंड कडू झालेलं असतं. हा माणूस वेगळा. तो वर आल्यावर आधी डावीकडच्या गाळ्याकडे बघतो. तिथे मोबाइलची रंगीबेरंगी कव्हरं लटकताना दिसतात. मग तो माझ्याकडे वळतो आणि विचारतो, "इथे ते नाणी बघणारे आप्पा बसायचे ना?"

बसायचे. मी त्याला पाणी देते आणि आप्पा आता नाहीत असं सांगते. काही जण तसेच परत जातात. काही जण चिवट असतात. ते पुरचुंडी माझ्याच काउंटरवर सोडतात आणि म्हणतात, तुम्ही शेजारी होतात, तुम्हाला थोडंफार कळत असेल. आत लक्ष्मीपूजनासाठी चिंच लावून घासलेला लखलखीत रुपया असतो. मला थोडंफार कळतं. एवढं नक्की कळतं, की आप्पा असते तर त्यांनी भिंग डोळ्याला लावायच्या आधीच विचारलं असतं, "आंघोळ घातली का याला?" ते विचारणारं आता कुणी नाही, आणि त्यामुळे दिवाळीनंतरचा तो आठवडा मला फार जड जातो. यंदाही गेला.

शिवराम देवरे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे सटाण्याकडचे. देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या वर्कशॉपमध्ये दुर्बिणी आणि तोफेचा नेम धरायच्या काचा दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर द्वारका चौकाजवळच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये त्यांनी माझ्या शेजारचा गाळा घेतला. बायको आधीच गेलेली, मुलगा सटाण्याला शेती बघायचा, हे इथे एका खोलीत एकटे. पाटीवर 'घड्याळ, चष्मा, दुर्बीण दुरुस्ती' एवढंच लिहिलं होतं. नाण्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. तरी शनिवारी दुपारी तीननंतर त्यांच्या बाकावर जी माणसं बसलेली असत, त्यांच्यातल्या निम्म्यांची घड्याळं ठणठणीत असत.

आमची ओळख माझ्या मायक्रोस्कोपमुळे झाली. गाळा घेऊन महिनाही झाला नसेल. एका दुपारी ते दारात आले आणि अगदी संकोचानं म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्या यंत्राखाली चांदी ठेवली तर चालेल का?"

मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं आणि पुढची बारा वर्षं सांगत राहिले. काही उपयोग झाला नाही. चांदीचं मी म्हटलं, "आप्पा, याच्याखाली सकाळपासून काय काय गेलंय ते तुम्हाला माहीत नाही."

"धुऊन देतो," ते म्हणाले. "यंत्र हो. नाणं नाही धुणार."

त्या दिवशी त्यांनी काचेखाली अर्धा तास काय पाहिलं देव जाणे. जाताना मात्र म्हणाले की यंत्राचा बारीक फिरवायचा स्क्रू सरकतो आहे. कंपनीच्या माणसानं तोच मायक्रोस्कोप मोडीत काढायचा सल्ला दिला होता. आप्पांनी तो दोन दिवसांत सरळ करून दिला, पैसे विचारले तर दुखावल्यासारखं केलं, आणि त्या बदल्यात कधीही न विचारता माझ्या लॅबमध्ये शिरायचा हक्क कमावला.

नाणं बघायची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी हात साबणानं धुऊन कोरडे करायचे. मग ट्यूबलाइट बंद करून टेबलावरचा एकच पिवळा दिवा लावायचा. मऊ रुमाल पसरायचा, कारण हातून सुटलंच तर नाणं टेबलावर पडू नये. मग दोन बोटांत कडेनं धरून ते दिव्याखाली हळूहळू कलतं करायचं. कोऱ्या नाण्यावर चमक चाकासारखी फिरते, असं ते सांगायचे. हाताळलेल्या नाण्यावर ती मध्येच तुटते. घासून उजळलेल्या नाण्यावर फिरतच नाही, सगळीकडून सारखी डोळ्यांवर येते. मला पहिल्यांदा हे तिन्ही प्रकार सारखेच दिसले. त्यांनी मला तीन रुपये कलते करून करून दाखवले, मी शेवटी कंटाळून 'हो हो, दिसलं' म्हटलं आणि त्यांनी ते ओळखलं. पुढच्या शनिवारी पुन्हा बसवलं.

राजाछाप रुपया आला की सगळ्यात आधी ते राजाचा कान बघत. कान आणि कानावरचे केस हा नाण्याचा सगळ्यात उंच भाग, म्हणून झिजायला सुरुवात तिथूनच होते. कानाच्या वळ्या स्पष्ट असल्या तर आप्पा खूश होऊन म्हणत, "याला ऐकू येतंय." कान सपाट झालेला असला तर, "बहिरा झाला बिचारा, किती हातांतून गेला असेल." समोरचा माणूस हसायचा. आप्पा हसत नसत, त्यांना खरंच वाईट वाटलेलं असायचं.

मग ते कार्ड लिहीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी गठ्ठा करून ठेवला होता. कार्डावर दोनच गोष्टी, उठाव आणि झीज, आणि दोन्ही आण्यांत. टाकसाळीत चकतीवर ठसा दाबला तेव्हा चित्र किती नीट उमटलं, तो उठाव. त्यानंतर जगानं त्यातलं किती खाल्लं, ती झीज. "उठाव म्हणजे जन्म आणि झीज म्हणजे आयुष्य," असं एकदा मी म्हटलं, तर म्हणाले, "तसलं काही नाही. उठाव म्हणजे उठाव." घासलेलं असेल तर खाली 'आंघोळ झालेली' असा शेरा. किंमत कधीच नाही. कुणी विचारलंच तर सांगायचे, "ते सराफ बाजारात विचारा. मी फक्त तब्येत सांगतो." माझाही धंदा तोच असल्यामुळे मला हे फार पटायचं.

सोळा आणे उठाव त्यांनी कधीच कुणाला दिला नाही. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी होते, शेठ म्हणायचे त्यांना सगळे. ते एका राणीछाप रुपयासाठी तीन वेळा येऊन गेले. आप्पांनी तिन्ही वेळा अकरा आणेच लिहिले. तिसऱ्या वेळी शेठ म्हणाले, "आप्पा, घरच्या माणसांत सोळा आणे सांगून बसलोय. शब्द जाईल हो माझा."

"राणीच्या मुकुटावर पाच आणे कमी उमटलेत," आप्पा म्हणाले, "ते मी कुठून आणू?"

शेठ मनाचा मोठा. पुढच्या आठवड्यात त्यांनी टेम्पोतून कांद्याची गोणी पाठवून दिली. कॉम्प्लेक्समधल्या सगळ्या गाळ्यांत महिनाभर कांदे पुरले. कार्ड मात्र अकरा आण्यांवरून हललं नाही.

त्यांचा सगळ्यात कडक नियम वेगळाच होता. नाणं बघताना धनी बघायचा नाही. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, आणि नाणं घरात कसं आलं हे तर मुळीच ऐकून घ्यायचं नाही. लोकांना तेच सांगायचं असे. हा माझ्या पणजोबांना अमक्या राजानं दिला, हा विहिरीत सापडला, हा स्वप्नात दिसला होता. आप्पा हात वर करायचे. "नाणं आधी, गोष्ट नंतर. गोष्ट ऐकली की डोळा तिच्याच बाजूनं बघतो." हा नियम ऐकला तेव्हा मला त्यांचं मोठं कौतुक वाटलं होतं. मीसुद्धा पेशंटचं नाव झाकून स्लाइड बघते. पण या नियमानंच त्यांचा घात केला.

दिवाळीनंतरचाच आठवडा होता. त्या आठवड्यात त्यांनी तीस-चाळीस आंघोळ झालेली नाणी बघितली असतील, डोळे आणि मन दोन्ही विटलेली होती. मी स्लाइडवरची धूळ काढायचा त्यांचा ब्रश मागायला गेले होते, म्हणून तिथे उभी होते. बाकावरून एक बाई उठून पुढे आली. चाळिशीची असेल. साडी गुडघ्याशी ओली होती. तिनं कनवटीची गाठ सोडून राजाछाप रुपया काढला तेव्हा मला तिची बोटं दिसली. झेंडूनं पिवळी आणि नखांच्या कडेनं हिरवीकाळी. अशी बोटं फुलं खुडणाऱ्यांचीच असतात.

"दादा, माझ्या आयचा रुपया हाय हा," ती म्हणाली. "आयनं याला कधी..."

"गोष्ट नंतर, ताई."

तिनं रुपया पुढे केला. आप्पांनी दिवा लावला, नाणं कलतं केलं, भिंग लावलं. फार वेळ लावला नाही. "राजा पार बहिरा झालाय," ते म्हणाले. "केस गेले, कान गेला. वर आंघोळ घातलेली दिसते."

"आंघोळ नाय घातली. आय तर हातबी लावू देत नव्हती."

"चमकतोय ना ताई. घासल्याशिवाय चमकेल कसा?"

त्यांनी कार्ड लिहिलं. उठाव तेरा आणे, झीज सात आणे, आंघोळ झालेली. बाईनं ते हातात घेतलं नाही. तिनं फक्त विचारलं, "म्हंजे हा बाजारात फिरलेला हाय?"

"पुष्कळ."

"लय हातांतून?"

"लय."

"मग वहिनी खरं बोलली," ती म्हणाली. "आयच खोटं बोलली म्हणायची." हे ती आम्हाला सांगत नव्हती. तिनं रुपया गाठीत बांधला नाही, नुसता मुठीत धरला आणि जिना उतरून गेली. कार्ड टेबलावरच राहिलं.

आप्पांनी तिच्यामागे हाक मारायला तोंड उघडलं होतं, पण नाव माहीत नव्हतं. पुढचा माणूस रुमाल सोडून तयार होता. मला आठवतं, मी ब्रश घेऊन परत आले आणि दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. एका सपाट कानावरून कुणाची तरी आई खोटी ठरली होती, आणि ती आई आता बोलायला येणार नव्हती, हे त्या बाईच्या स्वरावरून कळत होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी देवळाली कॅम्पातून सुभेदार मोरे आले. आप्पांच्या वर्कशॉपच्या दिवसांपासूनच्या ओळखीचे. त्यांनी जाड कागदाची एक पुडी टेबलावर ठेवली. पुडीला लाखेची मोहर होती आणि ती शाबूत होती. त्यांच्या आजोबांना पलटणीतून मिळालेले पाच रुपये आत होते. आजोबांनी उघडले नाहीत, वडिलांनी उघडले नाहीत, आता मुलगी परदेशी निघाली होती आणि तिला एक द्यायचा होता. "तुमच्या हातानं फोडा आप्पा," सुभेदार म्हणाले.

आप्पांनी मला बोलावलं. असा प्रसंग पुन्हा यायचा नाही, म्हणाले. लाख फोडली, कागद उलगडला आणि पाच रुपये रुमालावर घरंगळले. कुणाच्या बोटाचा स्पर्श नाही, कडेला हलकी निळसर झाक, आणि दिव्याखाली चमक अशी फिरत होती की या वेळी मलाही ती लगेच दिसली. मी आप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आज तरी हा माणूस सोळा आणे लिहील.

आप्पांचा चेहरा उतरला होता. त्यांनी एक रुपया उचलला, ठेवला. दुसरा उचलला. पाचही बघून झाल्यावर त्यांनी भिंग काढलं आणि विचारलं, "सुभेदार, हे नक्की कधी उघडले नव्हते?"

"तुमच्यासमोर लाख फोडली ना आप्पा."

पाचही राजे बहिरे होते. कान सपाट आणि वरचे केस नुसते पुसट, आणि कडेची अक्षरं मात्र काल कोरल्यासारखी.

ते माझ्या लॅबमध्ये आले आणि एक रुपया मायक्रोस्कोपखाली ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग मला बघायला लावलं. कानाच्या सपाट जागेवर बारीक खरखर दिसत होती. "ही कोऱ्या चकतीची खरखर आहे," ते म्हणाले. "हा भाग सगळ्यात उंच. नाणं चार हातांतून फिरलं असतं, तर सगळ्यात आधी हीच गेली असती. ही तशीच आहे. म्हणजे इथे ठसा पोचलाच नाही. कान झिजला नाही डॉक्टरीणबाई, कान उमटलाच नव्हता. जन्मापासून बहिरा."

मी म्हटलं, "बरं मग?"

"त्या फुलवाल्या ताईच्या रुपयाची कडेची अक्षरं अशीच होती. चमकही अशीच फिरत होती. मी पाहिली होती." ते स्टुलावर बसले. "मला वाटलं, दिवाळी आहे, आंघोळ घातली असेल. ती सांगत होती, आई हात लावू देत नव्हती म्हणून. मी तिला बोलू दिलं नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले असेन. नजर चुकते, रिपोर्ट माझाही चुकतो, असं काहीतरी. त्यांनी मान हलवली. मनातून हललेले असले की त्यांच्या तोंडी सटाण्याची बोली यायची. "हाई मनी चूक शे," ते म्हणाले. "नाण्यानी नही."

त्या दिवसापासून आप्पा फुलबाजारात जायला लागले. रोज सकाळी सहाला. ज्या माणसाच्या खोलीत देवाचा फोटोसुद्धा नव्हता, तो झेंडूच्या दोन दोन पिशव्या घेऊन गाळ्यावर यायला लागला. कॉम्प्लेक्समध्ये आधी चेष्टा झाली. म्हातारपणी देव आठवला, असं सगळे म्हणाले. नुसतंच बायकांच्या हातांकडे बघत फिरणं बरं दिसत नाही, म्हणून ते फुलं विकत घेत होते, हे मला एकटीला माहीत होतं. फुलं मग ते सगळ्या गाळ्यांत वाटायचे. आमच्या कॉम्प्लेक्सला चार वर्षं रोज तोरण होतं.

ते प्रत्येकीला विचारायचे, तुमच्या आईचा राजाछाप रुपया आहे का. मखमलाबादच्या बायका, गंगापूरच्या, पार दिंडोरीच्या बाजूच्या. एका बाईनं त्यांना हाकलून दिलं. एक म्हणाली, "बाबा, असता तर म्या इथं झेंडू इकीत बसले असते का?" ते टेबलावर राहिलेलं कार्ड त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. शर्ट बदलला की कार्ड नव्या शर्टात. "ती भेटली की हे तिच्यासमोर खोडायचं," म्हणायचे.

मलाही त्यांनी कामाला लावलं. "तुम्ही रोज बोटं टोचता," ते म्हणाले, "पिवळी बोटं आली की विचारा." मी विचारायला लागले. एकीला वाटलं मी रिपोर्टची फी चांदीत घेते. ती सुई टोचायच्या आधीच उठून गेली. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते खूप दिवसांनी हसले.

शनिवारचा बाक चालूच होता, पण नियम बदलला होता. आता ते नाणं बघून झाल्यावर, कार्ड लिहायच्या आधी थांबायचे आणि विचारायचे, "काही सांगायचंय का?" लोकांना आता सवय नव्हती. पुष्कळ जण नाही म्हणायचे. आप्पा तरी थोडा वेळ वाट बघायचे.

मग त्यांची दृष्टी जायला लागली. पडद्याचा मधला भाग खराब झाला होता, मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून बरं होण्यातलं ते नव्हतं. डॉक्टरकडून आल्यावर त्यांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं, "कडेची अक्षरं दिसतात. मधला राजा गेला." समोरचं माणूस बघायचं तर त्यांना मान वळवून भलतीकडेच बघावं लागे, मग डोळ्याच्या कडेतून ते माणूस दिसे. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, आप्पा रागावलेत. काही दिवस ते तशी मान वळवून नाणी बघत राहिले. एका शनिवारी त्यांनी एक कार्ड लिहिलं, फाडलं, आणि बाकावरच्या सगळ्यांना हात जोडून सांगितलं की आता माझ्या शब्दावर जाऊ नका.

मुलगा येऊन त्यांना सटाण्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी मला ब्रश दिला, भिंग दिलं. कार्ड दिलं नाही. ते खिशातच होतं. टेम्पो गेल्यावर मी रिकाम्या गाळ्यात जाऊन उभी राहिले आणि चक्क रडले. मी रडणारी बाई नाही.

आणि मग, दोन एक महिन्यांनी, ती आली. शुगर तपासायला. मी बोट धरलं, स्पिरिटचा बोळा फिरवला, तो पिवळा झाला. आता विचारायची सवयच झाली होती, म्हणून मान वर न करताच विचारलं, "आईचा राजाछाप रुपया आहे का घरात?"

तिनं हात मागे घेतला. "तुमी त्या गाळ्यात उभ्या व्हत्या," ती म्हणाली.

तिचं नाव लताबाई. मखमलाबादच्या पुढे मळा. आप्पा रोज जात होते त्या फुलबाजारात ती कधी बसतच नव्हती, फुलं टेम्पोवाल्याच्या हाती द्यायची. मी तिला सगळं सांगितलं. पुडी, पाच बहिरे राजे, चार वर्षांचं तोरण. रुपया कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "बटणांच्या डबीत टाकलाय. त्या दिसापासून बघितला नाय. पूजेतबी ठेवला नाय." ती रागावून त्याला विसरली होती, म्हणून चार दिवाळ्या त्याला चिंच लागली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी एस.टी.नं सटाण्याला गेलो. आप्पांची सून दारातच म्हणाली, "या माय, बठा," आणि आत वळून पाहुणे आल्याची हाक दिली, "आप्पा, पाव्हना उनात." आप्पा ओसरीवर खुर्चीत होते. बारीक झाले होते. शर्ट पांढरा, पूर्ण बाह्यांचा, खिशात कार्डाचा चौकोन.

"डॉक्टरीणबाई," ते आवाजावरून म्हणाले, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

"झेंडूवाल्या ताई," मी म्हटलं.

ते उठून आत गेले. आम्हाला वाटलं, आता काय झालं. न्हाणीतून साबणानं हात धुतल्याचा आवाज आला. हात कोरडे करून ते परत आले, मांडीवर रुमाल पसरला आणि तळहात पुढे केला. लताबाईनं डबी उघडून रुपया ठेवला. त्यांनी तो कडेनं धरला, उन्हात कलता केला आणि तोंड पार भिंतीकडे वळवलं.

"मला पुरतं दिसत नाही," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई, चमक फिरते का?"

"फिरते."

"कुठे तुटते?"

मी नीट बघितलं. कधी बघितलं नव्हतं इतकं नीट बघितलं. "नाही तुटत, आप्पा." मग त्यांचंच भिंग पर्समधून काढून कानाजवळची जागा बघितली. सपाट होती आणि खरखरीत होती. मी तसं सांगितलं.

मला वाटलं आता ते कार्ड काढतील. त्यांनी रुपया रुमालावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. "ताई, मागच्या खेपेला तुम्ही काहीतरी सांगत होतात," ते म्हणाले. "मी मध्येच तोडलं. ते आधी सांगा."

लताबाई ओसरीच्या कडेला टेकली. मग तिनं सांगितलं. तिचे आजोबा कॅम्पात साहेबांच्या बंगल्यांवर फुलं घालायचे. एकदा त्यांना पगारात कोरा रुपया आला. तो त्यांनी लेकीच्या लग्नात तिच्या पदरात बांधला आणि सांगितलं, हा मोडायचा नाही, कितीही अडलं तरी. तिनं तो मोडला नाही. "दुष्काळात आयनं हरभऱ्याचा पाला शिजवून खाल्ला, पण रुपया नाय काढला," लताबाई म्हणाली. "ती मेल्यावर वहिनी म्हनली, म्हातारीनं खरा कवाच मोडला, हा बाजारातला उचलून ठेवलाय. समद्या भावकीत म्हनली. म्या म्हटलं, दाखवून आणते."

आप्पांनी सगळं ऐकलं. एकदाही हात वर केला नाही. मग विचारलं, "तुमच्या वहिनींना वाचता येतं का?"

"येतंय की."

त्यांनी खिशातलं कार्ड काढलं. घडीवर मऊ पडलं होतं. जुन्या तिन्ही ओळी त्यांनी अंदाजानं खोडल्या, एक रेघ चुकून शर्टावर गेली. कार्ड उलटं केलं तर तिकडे कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त छापलेला होता, तेव्हा पुन्हा सुलटं केलं आणि उरलेल्या जागेत, तोंड भिंतीकडे करून, लिहायला लागले. मी वाचत होते. उठाव सहा आणे. पुढे थांबून, मोठ्या अक्षरात, झीज नाही.

"मग आय खोटं नव्हती बोलली," लताबाई म्हणाली.

"नाही. मी बोललो होतो." त्यांचा पेन अजून कार्डावरच होता. "आईचं नाव काय, ताई?"

बारा वर्षांत मी त्यांना कार्डावर धन्याचं नाव घालताना पाहिलं नव्हतं. "ठकूबाई," ती म्हणाली. त्यांनी ते वर, अगदी कडेला लिहिलं, कारण कडेचंच त्यांना दिसत होतं. लताबाईनं कार्ड आणि रुपया एकत्र कनवटीला बांधले आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

चहा झाला, सुनेनं शेंगा बांधून दिल्या. मी आप्पांना म्हटलं, दिवाळीला पुन्हा येते, तुम्ही सांगा, मी बघते, आपण कार्डं लिहू. ते म्हणाले, "या." दिवाळीच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या मुलाचा फोन आला. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं जे शेवटचं आहे ते त्या दुपारचंच आहे. आम्ही दोघी स्टँडच्या रस्त्याला लागलो तेव्हा ते सुनेचा हात धरून फाटकापर्यंत आले होते. मी वळून बघितलं. लताबाईनं वळून बघितलं आणि विचारलं, "आप्पा तिकडं कुणाला बघतेत?" मी तिला म्हटलं, आपल्यालाच बघतायत. गल्लीच्या वळणापर्यंत मी तीनदा मागे बघितलं, आणि तिन्ही वेळा ते तिथेच उभे होते, तोंड दुसरीकडे करून, आम्ही दिसावं म्हणून.